वाइल्डबद्दल थोडं

‘प्रमुखानं कामं वाटून द्यावीत, लोकांचे मूड सांभाळत बसू नये’ हे या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत मला अजिबात पटलं नाही. हातातलं काम आणि मनातली धाकधूक वेगळी काढताच येत नाही. अंटार्क्टिक मोहिमेचा प्रमुख अर्नेस्ट शॅकल्टनचा दाखला चर्चेत आलाय, पण त्याच्या मागे राहिलेल्या फ्रँक वाइल्डचं, म्हणजे त्याच्या उपप्रमुखाचं, नाव कुणीच घेतलं नाही. त्यांचं जहाज बर्फात चिरडून बुडालं होतं; एप्रिल १९१६ मध्ये शॅकल्टन पाच जणांना घेऊन एका होडीतून मदत आणायला गेला. अंटार्क्टिकाजवळच्या निर्जन एलिफंट बेटावर वाइल्डसकट २२ जण उरले. दोन उलट्या घातलेल्या होड्यांखाली, सील-पेंग्विनच्या मांसावर, चार महिने! गेलेली होडी पोचली की बुडाली, कळायला काही मार्ग नाही.

तरी वाइल्ड रोज सकाळी सगळ्यांना स्लीपिंग बॅगा गुंडाळून तयार राहायला सांगायचा, साहेब (म्हणजे शॅकल्टन) आजही येतील म्हणून. कुणी याला खोटी आशा म्हणेल, मी नाही म्हणणार. नुसता धीर दिला असता तर आठवड्याभरात विरला असता; इथे रोज उठून करायचं काहीतरी होतं, थंडीनं बधिर झालेल्या हातांनी का होईना. ३० ऑगस्टला खरंच जहाज दिसलं आणि सगळे २२ जण साधारण तासाभरात त्यावर चढलेसुद्धा.