मुंग्यांकडून सिस्टीम डिझाइन शिका म्हणे, खरंच काही आहे का त्यात?

पेजरवाला
गेल्या शनिवारी रात्री आमची पेमेंटची सर्व्हिस स्लो झाली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्या सगळ्या सर्व्हिस रीट्राय मारत सुटल्या, म्हणजे उत्तर आलं नाही की तीच रिक्वेस्ट परत, एकेक जण तीन तीनदा, ती बिचारी जरा उठायला लागली की परत आडवी. पहाटे चारला हातानं ट्रॅफिक कमी केलं तेव्हा सुटलो. सोमवारी आमचा सिस्टीम आर्किटेक्ट म्हणतो मुंग्यांचा अभ्यास करा, तिथं कुणी मॅनेजर नाही तरी सगळं नीट चालतं. डोकंच फिरलं माझं. कुणी वाचलंय का यावर, की साहेबांनी नुसता व्हिडिओ बघितलाय?

दाणेगोळा
व्हिडिओच बघितला असेल हो, पण नेमकं तुमच्याच दुखण्यावर बोट ठेवलंय त्यांनी. स्टॅनफर्डच्या डेबरा गॉर्डन अमेरिकेतल्या वाळवंटातल्या, बिया गोळा करणाऱ्या मुंग्यांवर कित्येक वर्षं काम करतायत. तिथं उन्हात बाहेर पडलं की अंगातलं पाणी जातं आणि ते भरून निघतं तेही बियांतूनच, म्हणजे प्रत्येक फेरीला खर्च आहे. म्हणून मुंगी उठली आणि निघाली असं होत नाही, ती बिळाच्या तोंडाशी आतच थांबते, दाणा घेऊन येणाऱ्यांशी मिशांना मिशा लागतात, अशा भेटी भराभर झाल्या तरच बाहेर पडते. बाहेर गेलेली सहसा दाणा मिळाल्याशिवाय परत येत नाही, त्यामुळे परत यायचा वेग हाच बाहेरचा रिपोर्ट. २० मिनिटं कुणीच आलं नाही तर जाणं बंद. २०१२ ला गॉर्डनबाई आणि तिथलेच कॉम्प्युटरवाले बालाजी प्रभाकर यांनी हे टीसीपीशी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पाठवायच्या नियमांशी जुळवून दाखवलं, पोचल्याची पावती (ॲक) आली की डेटाचं पुढचं पॅकेट, नाव पडलं ॲन्टरनेट. तुमच्याकडे उलटं झालं, उत्तर येईना म्हणून अजून मुंग्या पाठवल्या.

शंकेखोर
छान आहे, पण टीसीपी काही मुंग्यांकडून शिकलेलं नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलेत ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला स्पीड ३२ केबीपीएसवरून, म्हणजे सेकंदाला ३२ हजार बिटांवरून, ४० बीपीएसवर आला होता, हजार नाही, नुसते ४० बिट, कारण तेच, सगळे परत परत पाठवत बसलेले. त्यावर व्हॅन जेकबसन यांनी उपाय काढला, १९८८ चा पेपर आहे. मुंग्यांशी साम्य नंतर दिसलं. आणि दहा मुंग्या उन्हात मेल्या तर बिळाला काही वाटत नाही, पेमेंटच्या दहा रिक्वेस्ट हरवून बघा.

ओट्यावरची_रांग
@शंकेखोर मान्य, पण एक गोष्ट खरंच मुंग्यांवरून उचललीय. मार्को डोरिगो यांची १९९२ ची पीएचडी, मुंग्यांच्या वासाच्या वाटेवरून रस्ते शोधायचा अल्गोरिदम. त्यात मला आवडतो तो वास उडून जाण्याचा भाग. अर्जेंटाइन मुंग्यांना आधी फक्त लांबचा पूल दिला आणि अर्ध्या तासानं जवळचा जोडला, तर बहुतेक जणी लांबच्यावरूनच जात राहिल्या, कारण त्यांचा वास लवकर उडत नाही. टीटीएल, म्हणजे मुदत, न लावलेला कॅशच की हा, जुनं साठवलेलं उत्तरच देत राहणारा! डोरिगोनं म्हणून प्रोग्राममध्ये वास मुद्दाम उडवला. घरी बघायचं असेल तर साखरेच्या डब्याकडे जाणाऱ्या रांगेवर मधेच ओलं फडकं फिरवा, पुसलेल्या जागेशी येऊन दोन्हीकडच्या थबकतात, मागे फिरतात, मग एखादी भटकत पलीकडे पोचते आणि बघता बघता रांग परत जुळते. आई ओरडते ते वेगळं.

निवांत_नोड
आणि सगळ्या मुंग्या राबतात हेही खोटं. ॲरिझोना युनिव्हर्सिटीतल्या डॅनियल शारबोनो यांनी अंगावर रंगाचे ठिपके देऊन दगडाखाली राहणाऱ्या छोट्या मुंग्या मोजल्या, साधारण ४० टक्के नुसत्या बसून. मग जास्त राबणाऱ्या २० टक्के काढून घेतल्या, तर आठवड्याभरात बसलेल्यांतल्याच उठून कामाला लागल्या.

पेजरवाला
धन्यवाद मंडळी, साहेबांची माफी मनातल्या मनात मागितली. उद्या रीट्रायला बजेट लावतो, दहा उत्तरं नीट आली तर एक रीट्राय, उत्तरंच नाहीत तर रीट्रायही नाही. @निवांत_नोड तो पेपर असेल तर द्या ना, दोन सर्व्हर रिकामे ठेवायला सहा महिने मागतोय आणि मॅनेजर दरवेळी विचारतात, ते बसून काय करणार?