लोड घेऊन आंबा घाट चढताना पिकअप दम टाकते, चेक लाईट लागते. पंप बदलायचा का?

हातखंबा_०८:
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची पिकअप, टर्बो कॉमन रेल डिझेल, २ लाख ४० हजार किमी झालेत. रत्नागिरीहून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या नेतो, सीझन चालू आहे म्हणून जरा घाईत विचारतोय. मोकळी असताना गाडीला काही म्हणजे काही होत नाही, ८० ला आरामात पळते, पण ६० पेट्या भरून साखरपा सोडलं आणि घाट लागला की तिसऱ्या गिअरमध्ये दोन-तीन वळणं चढते आणि मग मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी होते. चेक लाईट लागते, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन उठत नाही. बाजूला घेऊन चावी बंद करायची, मिनिटभर थांबायचं, परत चालू केली की ताकद येते, पुढच्या खड्या चढाला परत तेच. परवा रात्री असं पाच वेळा झालं, वळणावर मागून ट्रक येतायत आणि मी पार्किंग लाईट लावून उभा.
एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवीन टाकले. एका फिटरने डिझेल लाईनीत काँप्रेसरची हवा मारली, त्यानंतर दोन ट्रिपा एकदम मस्त गेल्या, मग परत सुरू. तो आता म्हणतो डिझेलचा हाय प्रेशर पंप गेलाय, ४० हजार धर. दुसरा म्हणतो चारी इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) काढ. एवढा पैसा घालून परत तेच झालं तर सीझन गेला माझा. काय करू?

नाशिक_१५:
दादा आधी टर्बोचे पाईप बघ. माझ्या गाडीला सेम झालं होतं, इंटरकूलरकडे (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या रबरी होजला खालच्या बाजूने चीर होती, वरून बघितलं तर काही दिसायचं नाही, लोडवर प्रेशर आलं की ती चीर उघडायची आणि सगळी हवा तिथून जायची. होजच्या खाली तेलकट काळं लागलेलं असतं, हात फिरवून बघ. चढाला सूंऽऽ असा वाढीव आवाज येतो का? होज साताठशेत येतो, पंपाचे ४० हजार कशाला घालतोस.

कराड_५०:
नाशिकवाल्या भाऊंचं बरोबर आहे, तसं होतं, पण होज फुटला की हवा कमी आणि डिझेल तेवढंच असं होऊन मागे काळा धूर निघतो. तेव्हा @हातखंबा आधी तीन गोष्टी सांग. चढाला काळा धूर येतो का? गरम इंजिन बंद करून लगेच परत स्टार्ट करताना सेल्फ जास्त मारावा लागतो का? आणि चेक लाईटचा कोड काय आहे? कोड बघितल्याशिवाय कुणालाही पाना लावू देऊ नको, आणि कोड पुसू तर अजिबात देऊ नको. बरेच फिटर आधी कोड उडवतात आणि मग विचारत बसतात काय झालं म्हणून.

हातखंबा_०८:
धूर अजिबात नाही. गरम असताना अर्ध्या सेल्फात चालू होते. भाच्याकडे मोबाईलवर कोड दाखवणारा ब्लूटूथवाला डोंगल होता, तो लावला तर पी००८७ आला, बाकी एकही कोड नाही.

कराड_५०:
झालं, निम्मं काम झालं. पी००८७ म्हणजे रेलमधलं (पंपाचं डिझेल चारी इंजेक्टरना वाटणारी जाड नळी) डिझेलचं प्रेशर जेवढं पाहिजे तेवढं तयार होत नाहीये. होज फुटला असता तर पी०२९९ आला असता, टर्बोचं प्रेशर कमी म्हणून. सध्या टर्बो बाजूला ठेव.
आता नीट समजून घे, कारण इथंच लोकं ४० हजार घालवतात. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, रेलमध्ये प्रेशर मागतो, मोकळ्या आयडलला साधारण अडीचशे-तीनशे बार, पूर्ण लोडला हजार-बाराशेच्या वर. मागितलेलं आणि मिळालेलं यात फरक पडला आणि तो काही सेकंद तसाच राहिला की ईसीएम इंजिन वाचवायला डिझेल तोडतो, त्यालाच लिंप मोड म्हणतात. तुझी गाडी मागून धरल्यासारखी होते ती हीच. चावी बंद करून चालू केली की तो परत नव्याने मोजायला लागतो म्हणून ताकद येते. सपाटीला डिझेलच कमी लागतं म्हणून तिथं काही कळत नाही.
प्रेशर कमी पडायला जागा तीनच. एकतर टाकीतनं पंपापर्यंत डिझेल पुरेसं येत नाही, नाहीतर पंप (किंवा पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा त्याच्यावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह) तयार करत नाही, नाहीतर तयार झालेलं इंजेक्टरच्या रिटर्नमधनं (उरलेलं डिझेल मागे नेणारी नळी) किंवा रेलच्या व्हॉल्व्हमधनं परत टाकीत पळतं. इंजेक्टर एवढे वाईट गळत असते तर गरम इंजिन स्टार्टला त्रास दिला असता, कारण सेल्फच्या फिरण्यात प्रेशर बनलंच नसतं. तुझी अर्ध्या सेल्फात लागते. म्हणून चारी इंजेक्टर काढ म्हणणाऱ्याचं मला पटत नाही. पंप मेला म्हणायलाही जीव होत नाही, कारण तूच वर लिहिलंयस की लाईनीत हवा मारल्यावर दोन ट्रिपा मस्त गेल्या. हवा मारून पंप दुरुस्त होत नसतो, पण टाकीतल्या जाळीवरचा कचरा मागे उडतो आणि चार दिवसांनी परत येऊन बसतो. आणि जाळी फिल्टरच्या आधी असते, म्हणून फिल्टर नवा टाकून फरक पडला नाही.
तुझ्या गाडीला हँड प्रायमर असेल, रबरी फुगा. म्हणजे टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही, हाय प्रेशर पंपाच्याच मागचा छोटा गिअर पंप ओढतो. घाटात गाडी दम टाकेल तेव्हा चाकाला दगड लावून, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघड आणि तो फुगा बघ. आत ओढून चपटा झाला असेल तर त्याच्या मागे, म्हणजे टाकीकडे, चोकअप आहे.
आणि सगळ्यात खात्रीचं. दहा लिटरचा स्वच्छ कॅन घे, ताजं डिझेल भर, फिल्टरकडे जाणारा पाईप आणि रिटर्नचा पाईप दोन्ही त्यात सोड, कॅन हौद्यात घट्ट बांध (केबिनमध्ये नको) आणि तसाच लोड घेऊन घाट चढ. चढली तर दोष टाकीच्या बाजूचा. नाही चढली तर मग पंपाकडे जाऊ. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये हातभर पारदर्शक नळी टाकली तर आणखी बरं, बुडबुडे दिसले तर कुठंतरी हवा ओढतोय. ओढणाऱ्या बाजूचं लिकेज बाहेर डिझेल टपकवून दाखवत नाही, हवा आत घेतं, म्हणून डोळ्याला कधी सापडत नाही.
एक हात जोडून सांगतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांना चालू इंजिनवर इंजेक्टरचा नट ढिला करून कुठला सिलिंडर मारत नाही ते बघायची सवय आहे सगळ्यांना. इथं ते करू देऊ नका. तेवढ्या बारचं डिझेल कातडीतनं आत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट जायची वेळ येते. माझ्याकडे काम करणाऱ्या एका पोराचं थोडक्यात वाचलंय.

नाशिक_१५:
कॅनची आयडिया भारी आहे. मी पण होज म्हणून बसलो होतो, धूर विचारायला पाहिजे होता.

हातखंबा_०८:
उशीर झाला लिहायला, दोन ट्रिपा होत्या. फुगा बघितला, अगदी वाळलेल्या आमसुलासारखा आत ओढलेला, हाताने फुगवला तरी परत बसत होता. काल कॅन बांधून ५८ पेट्या घेऊन चढलो, भाचा बाजूला डोंगल धरून बसलेला, अख्खा घाट तिसऱ्या-दुसऱ्यात चढली आणि एकदाही लाईट नाही. खड्या चढाला रेल प्रेशर बाराशेच्या आसपास टिकून होतं, आधी टाकीवर असताना तिथंच आठशेला पडायचं. मागितलेलं प्रेशर किती ते त्या डोंगलमध्ये दिसत नाही, फक्त मिळालेलं दिसतं.
आज सकाळी टाकी उतरवली. जाळीवर काळं बुळबुळीत काहीतरी, काजळी कालवलेल्या पेजेसारखं, बोटाने ओढलं तर साय निघावी तसं सलग निघालं. तळाला पेलाभर पाणी. गाडी जून ते सप्टेंबर शेडमध्ये उभी असते, टाकी पाव भरलेली होती. त्यामुळे झालं असेल का?

कराड_५०:
त्यामुळेच. पाव टाकी डिझेल म्हणजे पाऊण टाकी दमट हवा, कोकणातला पावसाळा, रात्री गार पडली की आतून घाम धरतो आणि पाणी तळाला बसतं. पाणी आणि डिझेलच्या मधल्या थरात जंतू वाढतात, ती बुळबुळीत साय त्यांचीच. पुढच्या वेळी उभी करायच्या आधी टाकी गळ्यापर्यंत भर. आत्ता टाकी आतून नीट धुऊन पूर्ण वाळव, लाईन दोन्हीकडून साफ कर, फिल्टर परत नवीन टाक (मागचा नवा असला तरी, त्यात हीच घाण गेलीये) आणि दर पंधरा दिवसांनी फिल्टरच्या खालचा ड्रेन सोडून पाणी काढ. फुगा आणि त्याचे क्लिप पण बदल.
आणि टाकी उतरलीच आहे तर जाता जाता रिटर्न टेस्ट करून घे. सलाईनच्या चार नळ्या, चार सारख्या बाटल्या, चारी इंजेक्टरच्या रिटर्नला लाव, इंजिन कॅनवरच आयडलला ठेव, पाच मिनिटांत कुठली किती भरते बघ.

हातखंबा_०८:
केली. १, २, ४ साधारण सारख्या, बोटभर. ३ नंबर दुप्पट भरली.

कराड_५०:
३ नंबर थकत आलाय, पण आत्ता सीझन मारून ने, स्टार्टिंगला त्रास नाही तोवर घाई नाही. मे संपला की तेवढा एकच काढून टेस्ट बेंचला दे. बदलावा लागला तर नवीन इंजेक्टरवरचा कोड ईसीएममध्ये स्कॅनरने भरून घे, नाहीतर गाडी आयडलला थरथरेल आणि तुला परत वाटेल की काहीतरी बिघडलं. बसवणाऱ्याला आधीच विचार त्याच्याकडे कोड भरायचा स्कॅनर आहे का, नसेल तर तिथं काम देऊ नको.

हातखंबा_०८:
जाळी आणि फुग्याचे मिळून साडेअकराशे गेले. आज रात्री ६० पेट्या घेऊन निघतोय, टाकीवरच.