महिन्याला ८० तास म्हणजे आराम? पायलटांच्या नोकरीवरून

पहाटपाळी
काल इथे एकाने लिहिलं, "पायलट महिन्याला ८० तास काम करतात, पगार आपल्या चौपट, तरी थकव्याचं रडगाणं." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी १४ वर्षं विमान उडवतोय.

ते ८० तास ब्लॉकचे. विमान जागेवरून हललं की मोजणी सुरू, परत उभं राहिलं की बंद. बऱ्याच कंपन्यांत पैसेही त्याच तासांचे. ब्रीफिंग, दोन सेक्टरमधला (सेक्टर म्हणजे एक उड्डाण) पाऊण तास, धुकं निवळेपर्यंत गेटवरच बसून काढलेले तीन तास, यातलं काहीच त्यात येत नाही. परवा चार सेक्टर केले. लॉगबुकात ४ तास ५० मिनिटं. घर सोडलं पहाटे पावणेतीनला, परतलो दुपारी तीनला. शेवटच्या सेक्टरला खाली येताना कंट्रोलरने आठ हजार फूट उंची सांगितली, मी तोंडाने आठ म्हटलं आणि हाताने यंत्रात सहा लावले. को-पायलटने आकड्यावर बोट ठेवलं, "सर, आठ." तिचं लक्ष होतं म्हणून निभावलं.

हिशेबी
तो प्रतिसाद माझाच. नियम आहेत ना? उड्डाणाचे जास्तीत जास्त तास अमेरिकेत ३६५ दिवसांत १०००, युरोपात कॅलेंडर वर्षाला ९००. माझ्या बहिणीने २० वर्षं नर्स म्हणून रात्रपाळ्या केल्या. तिचे तास कोणी मोजले? पगार बघूनच नोकरी धरलीत ना?

पहाटपाळी
बहिणीचेही मोजायला हवेत, त्यावर माझं दुमत नाही. पण मर्यादा ही कमाल असते, रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, बनवणाऱ्यांनी तिचं टार्गेट केलंय. शिवाय वर्षाचा आकडा रात्रीचं काही सांगत नाही. पहाटे २ ते ६ शरीर सगळ्यात मंद असतं. त्या वेळचा एक तास आणि सकाळी दहाचा एक तास सारखा कसा?

चौकस
खरा घोळ तुम्ही दोघंही टाळताय: बेसपासून, म्हणजे जिथून ड्यूटी सुरू होते त्या शहरापासून, लांब राहणारे पायलट. २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअर कंपनीचं विमान पडलं, ५० माणसं गेली. को-पायलट देशाच्या दुसऱ्या टोकाच्या सिएटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्कला ड्यूटीवर आली होती. तिला तसं यायला कंपनीने सांगितलं नव्हतं. विश्रांती दिलीत तरी ती प्रवासात घालवणार असाल तर नियम काय करतील?

मृदगंध
चौकस, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय. तिचा तुटपुंजा पगारही चौकशीत चर्चेला आला होता. बेसजवळ घर कशाच्या जोरावर घेणार?

माझे मिस्टर पायलट आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा बेस बदलला, तेव्हा मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. आम्ही हललो नाही. ते विमानात जागा मिळेल तसे घरी येतात. स्टँडबायला, म्हणजे बोलावलं की निघायच्या तयारीत, असले की फोन उशाशी, युनिफॉर्म खुर्चीवर इस्त्री करून. फोन वाजला नाही तरी झोप कुठे लागते? आणि लोक म्हणतात, घरीच तर होते!

चौकस
वाईट वाटतं, पण प्रवाशांनी काय करायचं? दमून आलात तर 'अनफिट' सांगा. जबाबदारी स्वतःचीही असते.

पहाटपाळी
सांगितलं होतं. आठवड्याच्या आत 'गप्पा मारायला' बोलावलं आणि पुढच्या महिन्यात सगळ्या पहाटेच्या ड्यूट्या. परत सांगेन का, हे तुम्हीच सांगा. राहता राहिलं कोलगन: तपासात मुख्य कारण कॅप्टनची चुकीची कृती ठरलं, थकव्याचा वाटा नेमका किती ते ठरवता आलं नाही. पण त्या अपघातानंतरच अमेरिकेत नियम बदलले. २०१४ पासून ड्यूटीआधी किमान १० तास विश्रांती, त्यात सलग ८ तास झोपेला वाव. ५० माणसं जाईपर्यंत थांबायची गरज होती का?

हिशेबी
बरं, ८० तासांचं मागे घेतो. ड्यूटीचे तास मला माहीत नव्हते. पगाराचं मात्र मागे घेणार नाही.

पहाटपाळी
नका घेऊ. पगार थोडा कापा, पण महिन्यातल्या चार सुट्ट्या अशा द्या की आदल्या रात्री बदलणार नाहीत. उद्या सही करतो.

चौकस
आणि बेसजवळ राहायची अट? तीही मान्य?

मृदगंध
बेस पाच वर्षं बदलणार नाही असं लिहून द्या, या महिन्यात सामान हलवते.