‘जप्तीचा इतिहास असल्यास डॉक्टरांना सांगा’

प्रश्न, फोंड्याहून: आईच्या औषधाच्या खोक्यातल्या मराठी माहितीपत्रकात वरचं वाक्य छापलंय. आईला वाटलं, कर्जाबिर्जाचं काहीतरी असेल, म्हणून तिने ते सोडून दिलं. तिला लहानपणी फिट यायच्या, आणि नेमकं तेच डॉक्टरांना सांगायला हवं होतं. मूळ इंग्रजी शब्द ‘सीझर’ (seizure) आहे. हाच शब्द कोर्टात आणि राजकारणातही ऐकू येतो. तिन्हीकडे चालेल असा एखादा मराठी शब्द आहे का?

उत्तर: नाही, आणि तो घडवूही नये. इंग्रजी शब्दाचं मूळ जमिनीच्या व्यवहारात आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेलं ते क्रियापद जमिनीचा ताबा देण्याघेण्याचं. पुढे माल, राज्य आणि आजाराने माणसाचं शरीर ताब्यात घेणं, इथवर ते पसरलं. मराठीने या तीन गोष्टींना पहिल्यापासून वेगळे शब्द दिले आहेत.

आधी औषधाचं बघू, कारण तिथली चूक जिवाशी येते. लोक ‘फिट आली’ म्हणतात, लहान मुलाला तापात ‘आकडी आली’ म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘सीझर’ असतं, पण तो शब्द देवनागरीत तसाच लिहिणं मला धोक्याचं वाटतं. आपल्या घराघरांत ‘सुनेचं सिझर झालं’ म्हणजे पोट उघडून बाळंतपण झालं. डिस्चार्ज कार्डावर ‘पूर्वी सीझर झाले होते’ असं मराठीत लिहिलं, तर वाचणारा काय समजेल?

‘झटका’ही पुरत नाही. आपल्याकडे झटका म्हटला की पहिल्यांदा हृदयविकार आठवतो. शिवाय प्रत्येक फिटमध्ये हातपाय झडतातच असं नाही. कधी मूल वर्गात काही सेकंद एका जागी टक लावून बघत राहतं, हाक मारली तरी ओ देत नाही, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे लिहू लागतं. बाईंना वाटतं, लक्ष नाही. तीही फिट असू शकते, पण ‘झटके येतात का?’ असं विचारलं तर आई ‘नाही’ म्हणेल.

‘अपस्मार’ हे आजाराचं नाव, एका प्रसंगाचं नव्हे. तापात एकदा आकडी आली म्हणजे अपस्मार झाला असं होत नाही. कारण नसताना, चोवीस तासांहून अधिक अंतराने दोन फिट आल्या तर डॉक्टर साधारणपणे अपस्मार म्हणतात. एकाच फिटनंतर पुन्हा येण्याचा धोका मोठा दिसला, तरीही म्हणतात. हा फरक माहितीपत्रकात पुसला गेला तर मुलीच्या लग्नापर्यंत त्याचे परिणाम पोचतात. हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून वेडाच्या बरोबरीने अपस्माराचे वारंवार येणारे झटकेही लग्नाआड येत होते. १९९९ च्या दुरुस्तीने अपस्मार तिथून काढला. गोव्यात लग्नाला पोर्तुगीज नागरी कायदा लागू असल्याने ते कलम आपल्याला थेट लागू नव्हतं, पण ती भीती सरहद्द बघून थांबली नाही.

‘फेफरे’ मी छापणार नाही. तो शब्द शिवीसारखा वापरून खराब झालाय. आणि ‘धरणे’ या घराण्यातला कुठलाही शब्द इथे नको. कंबर धरते, मान धरते इथपर्यंत ठीक. पण ‘धरलंय’ म्हटलं की गावात पुढचा प्रश्न येतो, कुणी? भार, बाधा, अंगात येणं यांच्या वाटेने रोगी दवाखान्याऐवजी भलतीकडे जातो. म्हणून माझ्या मते ते वाक्य असं हवं: ‘पूर्वी कधी फिट किंवा आकडी आली असेल, तर हे औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा.’ यात कुणालाही कोश उघडावा लागत नाही.

कायद्यात मात्र ‘जप्ती’ अगदी चपखल आहे. मूळ अरबी शब्दात ताबा आणि आवर असे दोन्ही अर्थ आहेत. उर्दूत आजही राग किंवा अश्रू आवरण्याला तोच शब्द वापरतात, आणि अकबराच्या काळात जमीन मोजून सारा ठरवायच्या पद्धतीचं नावही त्यावरूनच पडलं. एक पथ्य पाळावं: वस्तू जप्त होते, माणूस नाही. माणसाला अटक होते किंवा ताब्यात घेतात.

पुरवणी, म्हापशाहून (वकिली करतो): ‘जप्ती’ या एकाच शब्दात आपण तीन वेगळ्या कृती कोंबतो, त्याने अशिलांचा गोंधळ होतो. शापोरा नदीत बेकायदा रेती उपसणारी होडी पोलिसांनी धरली, ही पहिली. इथे मालकी अजून होडीवाल्याचीच आहे, पोलीस ती पुरावा म्हणून राखतात. कर्ज थकलं म्हणून दिवाणी कोर्टाने घरावर टाच आणली, ही दुसरी. घर तिथेच असतं, विकता येत नाही. आणि निकालानंतर माल सरकारचा झाला, ही तिसरी. पहिलीला जप्ती म्हणा, दुसरीला टाच, तिसरीला सरकारजमा. तिन्ही शब्द जुने आहेत.

पहिल्या जप्तीत खरी किंमत कागदाला असते. समजा, अमली पदार्थाची पुडी सापडली. ती पंचांसमोर वजन करायची, कागदात गुंडाळून दोरा बांधायचा, लाखेचा शिक्का मारायचा, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी वर चिकटवायची. शिक्का तुटलेला दिसला किंवा वजन जुळलं नाही, तर बचावाचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं केलंय. म्हणून बातमीत ‘माल हस्तगत’ लिहिलेलं मला खटकतं. हस्तगत म्हणजे नुसता हातात आला. जप्त म्हटलं की त्यामागे पंचनामा आला, जबाबदारी आली.

प्रश्न, पणजीहून: मी १९६१ च्या काळातल्या एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय. त्यात भारताने गोवा ‘सीझ’ केला असं आहे. ‘बळकावला’ लिहायला हात धजत नाही.

उत्तर: ताई, तुमचा हात अडखळतोय ते बरोबरच आहे, पण लेखकाचं मत तुम्ही बदलू नका. राजकारणात मराठी क्रियापद निवाडा करूनच येतं. ‘बळकावणे’ म्हणजे हक्क नसताना घेणं, त्यात दोष आलाच. ‘काबीज करणे’ला पराक्रमाचा वास आहे, म्हणून निवडणुकीनंतर ‘पालिका काबीज’ असे मथळे येतात आणि कुणाला वावगं वाटत नाही. खरं तर ‘काबीज’ आणि ‘कब्जा’ एकाच अरबी धातूतून आले, पण परक्याच्या भाटावर, म्हणजे बागायतीवर, कुणी ‘कब्जा’ केला म्हटलं की तक्रार ऐकू येते. ‘ताब्यात घेणे’ त्यातल्या त्यात तटस्थ.

१९६१ च्या डिसेंबरात पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी तो शब्द सर्रास वापरला. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव आला, सोव्हिएत युनियनने नकाराधिकार वापरून तो अडवला. त्या लेखकाच्या तोंडी ‘मुक्त केला’ घातलं, तर तेव्हा जग आपल्याबद्दल काय म्हणत होतं हे आजच्या वाचकाला कळणारच नाही. ‘भारताने बळाने गोवा ताब्यात घेतला’ असं लिहा. तुमच्या प्रस्तावनेत मात्र ‘मुक्ती’च लिहा, बिनदिक्कत. साडेचारशे वर्षांची परकी राजवट होती ती. आणि तेरा वर्षांनी, १९७४ च्या अखेरच्या करारात, पोर्तुगालनेही गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

त्याच न्यायाने १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने गोवा ‘जिंकला’ असं पाठ्यपुस्तकी वाक्य आलं, तर तिथेही थोडं थांबा. आदिलशाहीकडून जिंकला हे खरं, पण इथल्या गावकऱ्यांशी कुणी लढाई लावून त्यांच्या जमिनी जिंकल्या नव्हत्या. दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांच्या जमिनी तर १५८३ च्या उठावानंतर काढून घेतल्या गेल्या. तिथे ‘बळकावल्या’ हाच शब्द मी वापरीन.

म्हापशाहून पुन्हा: आणि ‘डिपॉझिट जप्त’? उमेदवाराला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली नाहीत तर ठेव परत मिळत नाही. पैसे आधीच भरलेले असतात, कुणी धरायला येत नाही. कायद्याच्या नजरेने ते ‘सरकारजमा’च.

उत्तर: मान्य. निकालपत्रात किंवा सरकारी सूचनेत तसंच लिहावं. बातमीत मात्र मी ‘डिपॉझिट जप्त’ ठेवीन. मतमोजणीच्या दिवशी पेडण्यापासून काणकोणपर्यंत लोक तेच बोलतात, आणि त्याने कुणाचा गैरसमज झालेला मी ऐकला नाही.