रायफलची गोळी चालणारं पिस्तूल लायसनवर मिळतं का?

केळीवाला_रावेर
नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला आमची केळी आहे, बारा एकर. दोन वर्षांपासून रानडुकरांनी वैताग आणलाय, एका रात्रीत पाच-सात खोडं आडवी, कंद उकरून खातात आणि मोकळे. त्यात मोटारीची लाईन रात्रीची, म्हणजे एक-दीड वाजता वावरात एकट्यानं जायचं आणि गेल्या महिन्यात शेजारच्या मळ्यात बिबट्याचे पाय उमटलेले सगळ्यांनी पाहिले. घरचे जाऊ देत नाहीत, न जाऊन भागत नाही.

माझा मावसभाऊ टेक्सासला असतो. त्याने व्हिडिओ पाठवला, छोटं पिस्तूल पण आतमध्ये गोळी रायफलची, ३०० ब्लॅकआउट म्हणे. तो तिकडे घ्यायच्या विचारात आहे पण तिथेही माल लवकर सापडत नाही आणि कायद्याचा गोंधळ आहे असं म्हणतो. मला वाटलं असं काही आपल्याकडे लायसनवर मिळालं तर खांद्यावर लांब बंदूक नको, कमरेला लावलं की झालं, आणि ताकद रायफलची. जळगावात एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला पॉइंट ३२ शिवाय काही मागू नका आणि तेही नंबर लावून. दुसरा म्हणाला बोअर बघून लायसन मिळतं. पीबी, एनपीबी असलं काही बोलला, डोक्यावरून गेलं. तिसरा एक जण कानात बोलला की डोंगरापलीकडून ३१५ चा गावठी कट्टा वीस-पंचवीस हजारात येतो, तोपण रायफलचीच गोळी खातो.

ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा. वडिलांच्या नावावर जुनी बारा बोरची दुनळी आहे पण ते ७२ वर्षांचे, चालवत नाहीत, इलेक्शन आलं की ठाण्यात जमा करतात आणि नंतर घेऊन येतात एवढंच.

अमळनेरचा_भाऊ
भो, मनं आयक, त्या कट्टाना नादले लागू नको. बाकी वकील लोक सांगतीन.

धुळे_कोर्ट
मी धुळ्याला वकिली करतो, शस्त्र परवान्याच्या बऱ्याच केसेस पाहिल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

आधी पीबी-एनपीबी. बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं, म्हणजेच गोळीचं माप. पीबी म्हणजे प्रतिबंधित बोअर, मोठा हिशोब असा की जी गोळी फौज आणि पोलीस वापरतात ती सामान्य माणसाला नाही. ९ एमएम, ३०३, ७.६२ ही सगळी त्यात. त्याचं लायसन कलेक्टर देत नाही, ते दिल्लीला गृह मंत्रालयाकडून येतं आणि तेही जिवाला खरा धोका सिद्ध झाला तर. एनपीबी म्हणजे प्रतिबंधित नसलेलं, आपल्याला मिळू शकणारं, पॉइंट ३२ चं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल, पॉइंट २२, बारा बोर, आणि रायफलमध्ये ३१५ नाहीतर ३०-०६. आता यात रायफलच्या गोळीचं पिस्तूल कुठे बसतं ते बघा, कुठेच नाही. ३१५ ची गोळी कायदेशीर आहे पण ती ईशापूरच्या सरकारी कारखान्याच्या लांब रायफलीसाठी, त्या गोळीचं पिस्तूल आपल्याकडे कोणी कायदेशीर बनवत नाही. म्हणजे तुमच्या भावाच्या व्हिडिओतली वस्तू इथे विसरा. परदेशातून मागवायचा विचारही सोडा, सामान्य माणसासाठी आयात कित्येक वर्षांपासून बंद आहे, म्हणूनच जुनी विलायती रिव्हॉल्वरं आपल्याकडे लाखोंच्या भावाने हात बदलतात. सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्वर घ्यायचं तर तेही स्वस्त नाही, २०१४ ला निर्भीक नावाचं हलकं पॉइंट ३२ आलं तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास किंमत होती, आणि सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्वर-पिस्तुलावर जीएसटी ४० टक्के झालाय.

आता खरा मुद्दा जो दुकानदार सांगत नाहीत. शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३. त्यात दोन वेगळे दरवाजे आहेत. पिस्तूल किंवा रायफल मागितली तर अधिकाऱ्याला तुमचं कारण पटलं पाहिजे, नाही पटलं तर नाही. पण वीस इंच किंवा त्याहून लांब नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक स्वसंरक्षणासाठी मागितली किंवा पीक राखायला ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची, मागितली, तर अपात्रतेचं काही कारण नसेल तर कायद्याची भाषाच 'द्यावा' अशी आहे. आणि ठासणीची पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर पिकासाठी साधी बारा बोरपण देता येते. शेतकऱ्याला कायद्याने एवढं सरळ काही दिलेलं असताना पोरं पिस्तुलामागे का लागतात हे मला खरंच कळत नाही. रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात धावत्या डुकरावर पिस्तूल मारणं म्हणजे गोळी कुठे जाईल सांगता येत नाही, आणि शेजारच्या मळ्यात तुमच्यासारखाच कोणीतरी पाणी भरत असतो.

आणि भाऊ, तुम्ही शेवटच्या ओळीत जे सहज लिहून गेलात तेच तुमचं उत्तर आहे. वडील ७२ चे आहेत ना? शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसा परवान्याची सोय आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं जवळ असलं, यातलं जे आधी होईल त्यानंतर त्यांच्या हयातीतच ते शस्त्र मुलाच्या नावावर करायला अर्ज देता येतो. तुमच्या घरात वस्तू आहे, नवीन विकत घ्यायची नाही, नंबर लावायचा नाही. पोलीस चौकशी, कागद, सगळं नवीन लायसनसारखंच होणार, पण रस्ता सोपा.

एक विचारतो, उत्तर इथे देऊ नका, मनात द्या. ती दुनळी रात्री तुम्ही कधी वावरात नेली आहे का? लायसन वडिलांचं आहे, तुमचं नाही. ते सोबत नसताना तुमच्या हातात सापडली तर तो विनापरवाना शस्त्राचा गुन्हा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं. आणि प्रतिबंधित शस्त्र असेल तर सात ते चौदा. तुमच्यासारखीच साधी पोरं, घरी दोन लेकरं, तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेली मी पाहतो. कोणी गुंड नसतो त्यातला.

भुसावळ_ते_डॅलस
मी मूळचा भुसावळचा, चौदा वर्षं टेक्सासमध्ये. मावसभावाला हे वाचायला द्या.

पहिलं, त्याचा स्टेटस काय आहे? एच-वन-बीवर असेल तर इथल्या फेडरल कायद्याने बंदूक घेणं आणि जवळ ठेवणं दोन्ही मना आहे, वैध शिकारीचं लायसन असेल तर त्याला अपवाद आहे. ग्रीन कार्ड असेल तर घेऊ शकतो. आपली बरीच पोरं मित्रासोबत रेंजवर जातात, दुकानात फॉर्म भरायला बसतात आणि त्या प्रश्नावर चुकीची खूण करतात. त्याने नोकरी, व्हिसा सगळं जाऊ शकतं, म्हणून हे आधी.

दुसरं, गोंधळ कुठे आहे ते. इथे १९३४ चा कायदा आहे, त्यात रायफलची नळी १६ इंचाच्या खाली गेली की ती वेगळी नोंदवावी लागते, आणि २०० डॉलरचा टॅक्स होता. मग कंपन्यांनी काय केलं, तीच वस्तू, नळी छोटी, पण मागे खांद्याला लावायचा दस्ता नाही, म्हणून ते पिस्तूल. मागे हाताला बांधायचा पट्टा, त्याला ब्रेस म्हणतात. लोक ब्रेसच खांद्याला लावायला लागले. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने नियम काढला की असली बहुतेक पिस्तुलं आता छोट्या नळीची रायफल धरायची, लाखो लोक रातोरात गुन्हेगार होतात की काय अशी वेळ आली, मग कोर्टात गेलं आणि जून २०२४ मध्ये इथल्याच टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो नियम रद्द केला. १ जानेवारी २०२६ पासून छोट्या नळीच्या रायफलवरचा २०० डॉलरचा टॅक्स शून्य झालाय पण नोंदणी तशीच आहे. हा झाला फेडरल कायदा, टेक्सासला तेवढ्यावर भागतं, पण उद्या कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीला नोकरी लागली की तीच वस्तू घेऊन जाणं म्हणजे गुन्हा ठरू शकतो, आणि आयटीवाला माणूस एका राज्यात किती दिवस राहतो सांगा.

मालाच्या टंचाईचं म्हणाल तर २०२०-२१ मध्ये मी स्वतः रिकामी शेल्फं पाहिली आहेत, एका माणसाला एकच डबा अशी पाटी लावलेली. तसल्या दिवसांत माणूस मिळेल ते उचलतो आणि तिथेच फसतो. ३०० ब्लॅकआउट छोट्या नळीसाठीच बनवलेली गोळी आहे हे खरं, ५.५६, म्हणजे असल्या रायफलींची नेहमीची गोळी, तेवढ्या छोट्या नळीतून मारली तर नुसता जाळ आणि आवाज, वेग बराच वाया. पण ३०० ची गोळी ५.५६ च्या बंदुकीत चुकून बसू शकते, मॅगझीन दोन्हीचं सारखंच, आणि दाबली की बंदूक तोंडावर फुटते. दोन्ही घरात ठेवू नको म्हणावं त्याला.

आणि एक छोटी गोष्ट. इथून भारतात येताना रेंजवर नेलेली बॅग आणू नका. तळाला एक गोळी राहिली तरी मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर आर्म्स अ‍ॅक्टची केस होते.

वरणगाव_निवृत्त
मी वरणगावच्या आयुध निर्माणीत एकतीस वर्षं काढली. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना माहीत नसतं की फौजेच्या इन्सास रायफलची ५.५६ ची गोळी इथे आपल्या गावात बनते. कट्ट्याबद्दल कोणीतरी नीट सांगायला पाहिजे म्हणून लिहितो.

३१५ ची गोळी आमच्याकडे नाही, ती खडकीची, बुडावर केएफ लिहिलेलं असतं. ती रायफलची गोळी आहे बाबांनो. इंग्रजांच्या काळात लोकांच्या हातात ३०३ नको, फौजेची गोळी चोरून वापरतील, म्हणून शिकारीच्या रायफलीला हा वेगळा बोअर दिला. ती गोळी फुटते तेव्हा आत जो दाब होतो तो सोसायला कारखान्याचं पोलाद लागतं, त्याच्यावर उष्णता-प्रक्रिया लागते, आणि प्रत्येक नळी जास्त दाबाची गोळी मारून तपासूनच बाहेर पडते. आम्ही एका लॉटमध्ये काडतुसाच्या पितळेत बारीक चीर दिसली तर अख्खा लॉट थांबवायचो. आणि हे लोक तीच गोळी कुठल्याशा पाइपात घालतात आणि म्हणतात रायफलची ताकद. ताकद आहेच, पण ती पुढेच जाईल हे कोण सांगतो?

आमच्या पाहुण्यांच्या गावात एक पोरगा होता, बावीस-तेवीसचा, असाच शेतावर जायचा. तिसऱ्याच गोळीला मागचा भाग उडाला. उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि एका डोळ्याला कमी दिसतं. दवाखान्यात खरं सांगता येईना, सांगितलं तर पोलीस. आईने सगळ्यांना थ्रेशरमध्ये हात गेला म्हणून सांगितलं. आता केळीचा घड धरता येत नाही त्याला. मी त्या घरी गेलो की तो हात रुमालाखाली ठेवून बसतो.

रावेरवाल्या भाऊ, तुझ्या वयाचा माझा मुलगा आहे. ज्याने कानात सांगितलं त्याचा नंबर फोनमधून काढून टाक.

केळीवाला_रावेर
काका, नंबर काढला. खरं सांगतो दोन दिवस विचार चालू होता माझा. वकीलसाहेब, वडिलांशी आज बोललो, ते तयार आहेत, उलट म्हणाले मीच केव्हाचा सांगणार होतो. दोनच शंका. बंदूक नावावर झाली की डुकराला मारता येईल का सरळ? आणि बिबट्या समोर आला तर?

धुळे_कोर्ट
नाही, सरळ नाही. बंदुकीचं लायसन वेगळं आणि जनावराची परवानगी वेगळी, इथेच बहुतेक जण अडकतात. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची दोनमध्ये आहे. उभ्या पिकाचं नुकसान करत असेल तर वन विभाग लेखी परवानगी देऊ शकतो, त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज, आणि मारलेलं जनावर तुमचं होत नाही, ते सरकारचं. वाटून खाल्लं तर वेगळी केस. नुकसानभरपाईचा अर्जही त्याच ऑफिसला, पंचनामा होईपर्यंत पडलेली खोडं उचलू नका. बिबट्या अनुसूची एकमध्ये, त्याला हात लावायचा नाही, जीव वाचवताना खरोखर नाइलाजाने घडलं तर कायदा तो गुन्हा धरत नाही, पण ते सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून रात्री दोघांनी जा, मोठा टॉर्च, मोबाईलवर गाणी मोठ्याने.

लायसनचा अर्ज ऑनलाइन, नंतर कलेक्टर ऑफिसला कागद. पोलीस अहवाल ठाण्यातून जातो. प्रशिक्षणाचा दाखला लागेल. मालमत्ता कमी आहे एवढ्यावरून नाकारता येत नाही, कायद्यातच लिहिलंय. आणि नाकारलं तर कारण लेखी मागा, विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं, तीस दिवस मोजून ठेवा.

केळीवाला_रावेर
सोमवारी रावेरला जातो मग आधी वन विभागात. सातबारा मागच्या वर्षीचा आहे, चालेल ना?

धुळे_कोर्ट
नवीन काढा. आणि त्यावर पिकाची नोंद केळीचीच आहे का ते बघा, ई-पीक पाहणी राहिली असेल तर आधी ती करून घ्या, नाहीतर डुकरांनी कोणती केळी खाल्ली हेच ते विचारतील.