संपची शीट: जाडीच्या आधी प्रकार बघा

४ मिमीची अ‍ॅक्रिलिक शीट संपला (फिश टँकच्या खाली ठेवलेली, पाणी गाळायची टाकी) पुरेल का, या प्रश्नावर सगळं बोलणं जाडीभोवतीच फिरतंय. पण आधी शीट कास्ट (साच्यात ओतलेली) आहे की एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेली), ते विचारून घ्या. एक्स्ट्रुडेड कापताना वितळून पात्याला चिकटते, आणि तिच्यात ताण राहिलेला असल्याने सॉल्व्हंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारं द्रावण) लागलं की कडेला केसासारख्या बारीक भेगा पडू शकतात. संपसाठी कास्टच घ्या, माझं तरी ठाम मत आहे.

भिंतीवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, एकूण लिटरवर नाही. पाणी ३० सेंमीपर्यंत असेल तर ६ मिमी चालेल, पण वरच्या कडेला पट्ट्यांची चौकट हवीच. ४० सेंमीकडे जात असाल तर १० मिमी. ४ मिमी आतल्या बॅफलना (कप्पे पाडणाऱ्या आडभिंतींना) वापरा, तिथे दोन्ही बाजूंना पाणी असतं. आणि हो, पंप बंद पडल्यावर वरच्या टाकीतून परत येणारं पाणीही उंचीत धरा.

सिलिकॉनने जोडायचा सल्ला मात्र कृपया मानू नका. काचेला धरतं तसं ते अ‍ॅक्रिलिकला धरत नाही, काही काळाने पट्टीसारखं सोलून निघतं. डायक्लोरोमिथेन असलेलं पातळ सॉल्व्हंट सुईने सांध्यात सोडा, ते आपोआप आत ओढलं जातं. सांधा काचेसारखा पारदर्शक दिसला पाहिजे. बुडबुडे दिसले तर बहुधा कड सपाट घासलेली नाही. काम हवेशीर जागीच करा, आणि शीट पुसायला अल्कोहोल अजिबात नको, त्यानेही भेगा पडतात.