उभ्या गाडीत एसी गरम हवा मारतो, पळताना गार, गॅसच संपला असेल का?

धायरीकर:
मंडळी जरा मदत हवीये. 2015 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, रोज धायरी ते हिंजवडी. आठवडा झाला, नवले पुलाच्या गर्दीत एसी चक्क गरम हवा मारतो, वारजे सोडून बायपासला गाडी 70 ला लागली की पाच मिनिटात गार, आणि वाकडला उतरून रांगेत थांबलं की परत गरम. एका गॅरेजवाल्याने बोनेटही न उघडता गॅस कमी झालाय म्हणाला आणि वरून गॅस मारला, 1200 गेले, दोन दिवसात परत तेच, उलट जास्तच बिघडलं. आता म्हणतोय कंप्रेसर बदला. आईला दुपारी दवाखान्यात न्यावं लागतं, तिला फार त्रास होतो. खर्चाला ना नाही पण नेमका कशावर करायचा?

बिबवेवाडी_वर्कशॉप:
दादा, कंप्रेसरला अजून हात लावू देऊ नका. पळताना गार आणि उभी असताना गरम म्हणजे पहिला संशय रेडिएटरच्या पुढे जी जाळी असते ना, कंडेन्सर, त्याच्या फॅनवर. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा गॅसची उष्णता काढून घेतो, सिग्नलला ते काम फॅनचं. घरीच बघा, गाडी सावलीत उभी करा, इंजिन चालू, एसी फुल, बोनेट उघडा. कंप्रेसरचा क्लच (तो बसला की कंप्रेसर फिरतो) टक् करून बसतो का आणि फॅन फिरतो का एवढंच. हात लांब ठेवा, फॅन कधीही सुरू होतो. फॅन गप्प असेल तर फ्यूज, मग रिले (फॅनला करंट देणारा छोटा स्विच), मग मोटर. आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा, बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड करायलाही तोच फॅन असतो.

जुनी_सांगवी:
गॅस कमी असला तरी उभ्या गाडीत कूलिंग कमी पडतं, त्यामुळे तेही नक्की करून घ्या, पण नुसत्या प्रेशर गेजवर विश्वास ठेवू नका. इंजिन बंद असताना 35 डिग्रीला आर-134ए चं (एसीतल्या गॅसचं) प्रेशर साधारण 115 पीएसआयच दाखवणार, आत 200 ग्रॅम असो नाहीतर 400. गॅस वजनावरच कळतो, किती ग्रॅम ते बोनेटखालच्या स्टिकरवर असतं. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला तर कुठूनतरी गळतोय, ते न शोधता भरणं म्हणजे पैसे हवेत. आणि जास्त भरला तरी कूलिंग जातं, तुमचं भरल्यावर बिघडलं ते त्यामुळेच वाटतंय.

धायरीकर:
दोघांनाही मनापासून धन्यवाद!! क्लच टक् करत होता, फॅन मात्र ठप्प. फ्यूज ठीक होता, त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून फॅनला लावला तर लगेच फिरायला लागला. नाना पेठेतून नवीन रिले आणला. मग दुसरीकडे मशीनवर सगळा गॅस काढून मोजला, स्टिकरवर 380 ग्रॅम आणि निघाला 510, म्हणजे गॅस जास्तच भरला होता. व्हॅक्यूम करून (आतली हवा ओढून घेऊन) 380 भरला. आज दुपारी आई चांदणी चौकात स्वतःहून म्हणाली जरा कमी कर. फक्त सुरू करताना कुबट वास येतो, ते काय असेल?

बिबवेवाडी_वर्कशॉप:
वा, ऐकून बरं वाटलं. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा, काळा झाला असेल तर नवीनच टाका. आणि घर यायच्या दोनतीन मिनिटं आधी एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवत जा, एसीची आतली ओली कॉइल सुकते.